मिनेसोटाच्या थंडीत पाच कोंबड्या

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. सप्टेंबरात आम्ही सेंट पॉलजवळ घर घेतलं. आधीचे मालक ॲरिझोनाला गेले आणि जाताना परसातलं खुराडं आणि पाच कोंबड्या आमच्यावर सोपवून गेले. तीन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, एक तांबूस आणि एक पांढरीशुभ्र, मोठ्या तुऱ्याची. वय विचारायचं राहूनच गेलं. ऑक्टोबरपर्यंत रोज तीन-चार अंडी मिळायची. आता नोव्हेंबर संपत आला, अंडी पूर्ण बंद आहेत आणि दोघींची पिसं एवढी गळलीत की बघवत नाही. पाणी सकाळी दगड झालेलं असतं.

माझी आई फलटणहून आली आहे. तिच्या माहेरी कायम गावठी कोंबड्या असायच्या. ती म्हणते, खुराड्याची सगळी भोकं बुजव, आत जुनी ब्लँकेटं लाव, बाजरी आणि गूळ घाल. नवरा म्हणतो हीट लॅम्प लावू. मला वाटतं रात्रीपुरतं बेसमेंटमध्ये आणावं. चार वर्षांचा मुलगा रोज त्यांना कवटाळून पापा घेतो आणि त्यांना थंडी वाजतेय म्हणून रडतो. जानेवारीत आईला सोडायला आम्ही दोन आठवडे भारतात जाणार आहोत. काय करू?

उत्तर

ताई, आधी आजच्या आज करायची गोष्ट सांगते. खुराड्याच्या वरच्या, हवा खेळायच्या झडपा बुजवल्या असतील तर हे वाचून झाल्यावर बाहेर जा आणि त्या मोकळ्या करा. बाकीचं सावकाश बोलू.

आईंचा अनुभव खोटा नाही, तो फलटणच्या हवेचा आहे. तिथे डिसेंबरातल्या पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, हवा कोरडी असते, आणि कोंबड्या डालग्याखाली झाकायच्या त्या मुख्यतः मुंगसाच्या नि बोक्याच्या भीतीने. वर एखादं पोतं टाकलं तरी काही बिघडत नाही. सेंट पॉलला जानेवारीत किमान तापमान सरासरीच उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि एखाद्या आठवड्यात उणे २५ च्याही खाली जातं. एवढ्या थंडीत बंद खुराड्यात काय होतं ते बघा. कोंबडी रात्रभर श्वासातून वाफ सोडते. तिच्या विष्ठेत जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी असतं. पाच जणींची ही ओल बाहेर जायला वाट मिळाली नाही तर ती छताला धरते, भिंतींना धरते आणि शेवटी त्यांच्याच तुऱ्यांवर बसते. ओला तुरा गोठतो. कोरडा तुरा त्याच थंडीत बराच तग धरतो. वर विष्ठेतून निघणारा अमोनिया कोंडतो आणि डोळे, श्वासनलिका सुजवतो. खुराड्याचं दार उघडल्यावर आपल्या नाकाला तो झोंबला, म्हणजे कोंबड्यांच्या मानाने तो केव्हाच जास्त झालेला असतो.

मी डुलुथच्या बाजूला कोंबड्या पाळते, म्हणजे तुमच्याहूनही उत्तरेला. माझ्या खुराड्याच्या छताला आतून खिळ्यांची टोकं आली आहेत. वरची झडप नीट उघडी राहिली नाही तर पहाटे त्या प्रत्येक टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा बर्फाचा मणी बसलेला असतो. झडप उघडी असलेल्या रात्रीनंतर टोकं कोरडी, काळी दिसतात. तुम्हीही उद्या सकाळी, पोरींना बाहेर सोडायच्या आधी, टॉर्च घेऊन आत डोकवा. खिडकीच्या काचेला आतून बर्फाची नक्षी आली असेल, भिंत हाताला ओलसर लागत असेल, तर अजून हवा हवी.

मात्र हवा म्हणजे वारा नव्हे. झडपा कोंबड्या दांडीवर बसल्यावर त्यांच्या डोक्याच्या बऱ्याच वर, छपराच्या खाली, शक्यतो समोरासमोरच्या दोन भिंतींत असाव्यात. दांडीच्या पातळीला मात्र फट नको. टिश्यू पेपरची पट्टी दांडीजवळ धरून बघा. ती फडफडली तर खालची फट शोधून बुजवा. आईंना भोकं बुजवायचीच आहेत, तर ही बुजवू द्या, हे काम त्यांचा हात नेमकं करेल. झडपांना अर्ध्या इंचाची मजबूत वेल्डेड जाळी असायला हवी. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी रॅकून फाडतो, आणि मिंक हा मुंगसासारखा शिकारी प्राणी तर अंगठ्याएवढ्या जागेतून आत शिरतो.

ब्लँकेटं नकोत, ती ओल शोषतात आणि धरून ठेवतात. बाहेरच्या जाळीच्या अंगणाला वायव्येकडून जाड पारदर्शक प्लॅस्टिक लावा, कारण तुमच्याकडचा हिवाळी वारा बहुतेक तिकडूनच येतो. आत थोडं गवत किंवा पेंढा पसरा. बर्फावर चालायला बहुतेक कोंबड्या नाराज असतात. पेंढा दिसला की बाहेर पडतात.

आता तुम्हा सगळ्यांच्या मनातलं बोलते. तिघांनीही तीन उपाय सुचवले आणि तिघांचाही रोख कोंबड्यांना ऊब देण्याकडे आहे. मायेपोटी सुचतंय हे, मला कळतं. पण कोंबडीची ऊब तिची तिच्यापाशी असते. तिच्या शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आपल्याला एवढा ताप आला तर आपण दवाखाना गाठू. पिसं फुलवून ती अंगाभोवती हवेचा थर धरते, एक पाय पोटाखाली घेते, चोच पंखात खुपसते. तिला आपल्याकडून हवंय ते पोटभर खाद्य, न गोठलेलं पाणी आणि कोरडी जागा. पिसं फुलवून बसलेली कोंबडी दुःखी नाही. भर दुपारी डोळे मिटून, शेपूट खाली टाकून, इतरांपासून बाजूला बसलेली आणि दाण्याकडेही न येणारी कोंबडी मात्र आजारी आहे.

म्हणून हीट लॅम्प नको. २५० वॅटचा तो दिवा, खाली सुका भुसा, हवेत पिसांची धूळ आणि रात्री धडपडणाऱ्या कोंबड्या. दरवर्षी या दिव्यांमुळे खुराडी जळतात आणि आग कधी घरापर्यंतही येते. शिवाय बर्फवृष्टीत वीज गेली तर उबेला सवकलेल्या कोंबड्या एकदम गोठणाऱ्या काळोखात सापडतात. बेसमेंटही नको. रात्री वीस अंशांत आणि सकाळी उणे वीसमध्ये, अशी रोजची ये-जा त्यांना थंडीपेक्षा जड जाते. त्यांची पिसं थंडीशी जुळवून घेत असतात, त्यात आपण खोडा घालतो. आणि कोंबड्या घरात नकोत याचं आणखी एक कारण आहे, ते तुमच्या मुलाशी संबंधित आहे.

निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो. अमेरिकेतली रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, स्पष्ट सांगते की पाच वर्षांखालच्या मुलांनी कोंबड्या हाताळू नयेत आणि कोणीच त्यांचे पापे घेऊ नयेत. चार वर्षांच्या मुलाला हे नुसतं 'नको' म्हणून पटणार नाही, त्याला काम द्या. जाळीबाहेर उभं राहून संध्याकाळचे दाणे टाकायचं काम त्याचं. मग साबणाने हात. आणि त्याला तो ४१ अंशांचा आकडा सांगा. कोंबड्या आपल्याहून गरम असतात हे कळलं की रडं थांबेल असं मला वाटतं.

पाचही जणींमध्ये मला काळजी आहे ती एकीचीच, पांढरीची. वर्णनावरून ती लेगहॉर्न दिसते. ही भूमध्य समुद्राकाठची जात, अंगाने सडपातळ, तुरा मोठा आणि एका बाजूला कलंडलेला. हा तुरा आणि गळ्याखालच्या लाल पाळ्या सगळ्यात आधी गोठतात. टोकं पांढुरकी-राखाडी पडली, मग सुजली किंवा फोड आले तर तो हिमदंश आहे. चोळू नका, हेअर ड्रायर मारू नका. नंतर टोक काळं आणि सुकं पडतं, ते कापू नका, त्याच्या खालची जागा आपली बरी होते आणि ते गळून जातं. इतर कोंबड्या टोचत असतील तर तिला तेवढे दिवस वेगळं ठेवा. पायाची बोटं काळी पडली तर मात्र पशुवैद्याला दाखवाच. तुऱ्याला व्हॅसलीन लावायचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. मला त्याचा भरवसा वाटत नाही. व्हॅसलीन लावलेले तुरेही गोठतात, आणि ते लावून आपण झडपांकडे बघायचं विसरतो. पारा उणे २५ च्या खाली जाणार असेल त्या मोजक्या रात्री हिच्यासाठी दांडीशेजारच्या भिंतीवर एक सपाट रेडिएंट पॅनल, म्हणजे मंद ऊब देणारी विजेची पाटी, लावायला माझी हरकत नाही. तो लॅम्पसारखा तापत नाही आणि सगळं खुराडंही गरम करत नाही. नवऱ्याचा उत्साह तिकडे वळवा.

दांडी कशी आहे तेही बघा. गोल काठी असेल तर बदला. टू-बाय-फोरची, म्हणजे दोन बाय चार इंच म्हणून मिळणारी, फळी घ्या आणि तिची रुंद बाजू वर ठेवा. त्यावर कोंबडी तळपाय सपाट टेकून बसते आणि पोटाची पिसं बोटांवर येतात. खाली लाकडी छिलक्यांची वीतभर जाड गादी ठेवा, अधूनमधून दाताळ्याने वरखाली करा आणि कोरडे छिलके घालत राहा. मूठभर उचलून दाबा. गोळा झाला तर ओल जास्त आहे. दांडीखाली पडलेली घाण रोज सकाळी खरवडून बाहेर काढलीत तर निम्मी ओल तिथेच संपते.

आता खाद्य. तुमच्या प्रश्नांतला हा खरा गाभा आहे, कारण थंडीत कोंबडीची शेगडी हीच.

एक कोंबडी दिवसाला साधारण १२० ग्रॅम खाते. कडाक्याच्या थंडीत, तुमच्या पट्टेरी, बहुधा प्लायमथ रॉक जातीच्या, कोंबड्यांसारखी भारी अंगाची असेल तर दीडशे ग्रॅमपर्यंत. पाच जणींचे झाले दिवसाला साडेसातशे ग्रॅम. म्हणजे ५० पौंडांचं पोतं हिवाळ्यात महिनाभर पुरेल. त्याहून फार लवकर संपत असेल तर उंदीर जेवतायत, आणि फारच सावकाश संपत असेल तर कोंबड्या कमी खातायत. दोन्ही बातम्या वाईटच. पोतं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओता. पोत्यावरची तयार केल्याची तारीख बघून घ्या. तीन-एक महिन्यांहून जुनं नको, जीवनसत्त्वं उतरतात.

सध्या त्यांना काय घालता ते तुम्ही लिहिलेलं नाही. लेअर फीड, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य, असेल तर त्यात सुमारे १६ टक्के प्रथिनं आणि चार टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. अंड्यावरच्या कोंबडीला ते योग्य आहे. पण तुमच्या पोरी आत्ता अंड्यावर नाहीत, पिसं बदलतायत. पीस म्हणजे जवळजवळ सगळंच प्रथिन. अंगभर नवी पिसं विणायला सोळा टक्के अपुरे पडतात, आणि अंडी नसताना तेवढ्या कॅल्शियमचा मूत्रपिंडांवर उगाच भार. म्हणून पिसं पुरती येईपर्यंत १८ ते २० टक्के प्रथिनांचं ग्रोअर (वाढत्या कोंबड्यांचं) किंवा 'ऑल फ्लॉक' (सगळ्या कळपाला चालणारं) खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला गरज असेल ती स्वतः जाऊन टिपते. खाद्य बदलताना आठवडाभर जुनं-नवं मिसळून घाला. नव्या पिसांची खोडं वर येताना रक्ताने भरलेली असतात, हात लागला तरी दुखतं, त्यामुळे या दिवसांत कोणीच त्यांना उचलू नका. मुलालाही हेच कारण सांगा.

बाजरी द्या ना! आईंचं हे अगदी बरोबर आहे, फक्त वेळ आणि माप सांभाळा. तुमच्याकडे २१ डिसेंबरला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि पावणेआठला उगवतो. कोंबडी अंधारात खात नाही. म्हणजे पंधरा तासांची उपाशी रात्र, आणि तीच सगळ्यात थंड. झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी भरडलेला मका किंवा बाजरी टाकली की गळ्याखालची खाद्यपिशवी भरून त्या दांडीवर चढतात, धान्य रात्रभर सावकाश पचतं आणि अंगात आच राहते. पण धान्यात प्रथिनं कमी असतात. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त धान्य झालं तर त्या खाद्य सोडून दाण्यांची वाट बघत बसतात. तुमच्या पाच जणींत मिळून दीड-दोन मुठी, बस. अख्खं धान्य दळायला पोटात खडे लागतात. कलेजी-पेटा आणतो त्यातला पेटा म्हणजे तिचं जातं. जमीन बर्फाखाली गेली की तिला खडे मिळत नाहीत, म्हणून ग्रिट नावाची दगडी खडी विकत मिळते ती एका वाटीत ठेवा. शिंपले त्याऐवजी चालत नाहीत, ते पोटात विरघळतात.

एक युक्ती आईंना आवडेल. कोंबड्या झोपायला गेल्यावर त्यांच्या गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला बोटांनी हलकं चाचपायचं. पिशवी भरलेली, टणकसर लागली पाहिजे. सकाळी दाणा घालण्याआधी तीच रिकामी हवी. एखादीची रात्रीच रिकामी असेल तर तिला बाकीच्या जणी खाऊ देत नाहीत; खाद्याचं दुसरं भांडं लांब ठेवा. त्याच वेळी छातीचं मधलं हाडही बघा, ते सुरीसारखं हाताला लागलं तर ती वाळतेय. फुगलेल्या पिसांतून डोळ्यांना हे कळत नाही.

गूळ नको. तिळाचे चार दाणे ठीक, मेथीचे लाडू घरातल्या माणसांना. उरलेला भात, पालेभाजीचे देठ, भोपळ्याच्या बिया, उकडलेलं अंडं कुस्करून, हे चालतं. फोडणीच्या भाज्या आणि आमट्या नकोत, त्यातल्या मिठाने त्या जास्त पाणी पितात, विष्ठा पातळ होते आणि गादी ओली. कच्चा किंवा अर्धवट शिजवलेला राजमा विषारी आहे, थोडाही नको. ॲव्होकॅडोची साल आणि बी, चॉकलेट नको. बुरशी धरलेले शेंगदाणे किंवा मका फेकून द्यायला कोंबड्या ही जागा नव्हे, त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष त्यांच्या यकृताला खातं. दुपारी कोबीचा गड्डा दोरीने टांगून ठेवा. दिवसभर अडकून पडलेल्या कोंबड्या कंटाळून एकमेकींची पिसं उपटतात, त्यापेक्षा कोबी टोचलेला बरा.

सकाळी गरम पाण्यात भिजवलेलं खाद्य दिलंत तर त्या तुटून पडतील. जरूर द्या, पण वीस मिनिटांत संपेल एवढंच, आणि उरलेलं उचला. ओलं खाद्य गळ्याच्या पाळ्यांना लागून गोठलं तर पुन्हा तीच हिमदंशाची कथा.

पाणी खाद्याहूनही आधी यायला हवं होतं. पाणी नसेल तर कोंबडी खातच नाही, आणि बर्फ टिपून तहान भागवायला तिला अंगातली आच खर्च करावी लागते. थर्मोस्टॅटचा तापणारा बेस मिळतो, त्यावर धातूचं पाण्याचं भांडं ठेवायचं. किंवा कुत्र्यांसाठीचं तापणारं भांडं घ्या, तेही चालतं. बाहेरची, पावसा-बर्फाची एक्स्टेन्शन वायर आणि जीएफसीआय सॉकेट (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारं) यात काटकसर करू नका. वायर उंच बांधा, टोचायला सापडू देऊ नका. भांडं शक्यतो खुराड्याबाहेर, आडोशाच्या अंगणात ठेवा, कारण आत सांडलं की गादी गेली. रात्री त्या पीत नाहीत, तेव्हा काळजी नको. वीज जोडेपर्यंत दोन रबरी पसरट भांडी आलटून-पालटून आणा. गोठलेलं उलटं करून पायाने दाबलं की बर्फाची ढेप निघून पडते, प्लॅस्टिक तडकतं.

अंडी बंद होण्याचं कारण थंडी नाही, उजेड आहे. कोंबडीला अंड्यावर राहायला दिवसाला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. फलटणचा सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा असतो, त्यामुळे आईंच्या माहेरच्या कोंबड्यांना हिवाळा एवढा जाणवायचा नाही. तुमच्याकडे तो पावणेनऊ तासांवर येतो. त्यातून शरदात पिसं बदलतात, म्हणजे या कोंबड्या बहुधा दीड वर्षाच्या किंवा त्याहून मोठ्या आहेत. त्या वर्षीच्या वसंतातली पिल्लं सहसा पहिला हिवाळा अंडी देत काढतात. बल्ब लावून, टायमरवर दर आठवड्याला अर्धा तास वाढवत चौदा तासांपर्यंत नेता येतं. मंद एलईडी पुरतो आणि उजेड पहाटे वाढवायचा, संध्याकाळी नाही, कारण बल्ब अचानक विझला तर दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात चाचपडतात. पण माझं मत विचाराल तर या हिवाळ्यात लावू नका. पिसं येऊ देत, अंगात चरबी धरू देत. फेब्रुवारीत दिवस वाढू लागला की बहुतेक जणी आपण होऊन अंड्यावर येतात. तुम्हाला त्या नुकत्याच मिळाल्यात, त्यांना एक हिवाळा विसावा द्या.

अंडी पुन्हा सुरू होतील तेव्हा दिवसातून दोनदा तरी गोळा करा. ती गोठून तडकतात. कवच आणि आतला पापुद्रा दोन्ही फुटलेलं अंडं खाऊ नका.

पुढे कधी नव्या कोंबड्या घ्याव्याशा वाटल्या तर शांतक्लेअर जातीचा विचार करा. क्वेबेकमधल्या ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रिड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मुद्दाम कॅनडाच्या थंडीसाठी तयार केली. १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली. तुरा जेमतेम बटणाएवढा, गळ्याच्या पाळ्या जवळजवळ नाहीतच. गोठायला काही ठेवलेलंच नाही! मला ही जात फार आवडते, एका माणसाने आपल्या गावची थंडी समोर ठेवून वर्षानुवर्षं निवड केली, आणि त्या कोंबड्या तिथे खरंच टिकल्या.

आता जानेवारीचे दोन आठवडे. शेजाऱ्यांना आत्तापासून तयार करा, निघायच्या आदल्या दिवशी नाही. दोन-तीन संध्याकाळी त्यांना बरोबर घेऊन सगळं करून दाखवा. एक कागद खुराड्याच्या दाराला लावा: सकाळी पाणी द्रव आहे का, खाद्य किती, वरच्या झडपा उघड्याच ठेवायच्या, संध्याकाळी पाच डोकी मोजून दार लावायचं. झडपांची ओळ मोठ्या अक्षरात लिहा. भला माणूस थंडीच्या रात्री दया येऊन त्या हमखास बंद करतो. पशुवैद्याचा नंबर आणि जादा पाण्याचं भांडं तिथेच ठेवा.

बर्ड फ्लूचंही त्यांना सांगून ठेवा. मिनेसोटा हे टर्की पक्षी पाळणारं मोठं राज्य आहे. २०१५ च्या साथीत तिथे लाखो टर्की गेल्या, २०२२ पासून विषाणू पुन्हा फिरतो आहे आणि परसातल्या छोट्या कळपांनाही तो धरतो. तो येतो मुख्यतः रानबदकांमार्फत. खाद्य-पाणी उघड्यावर ठेवू नका, चिमण्यांसाठी टांगलेला दाण्याचा डबा असेल तर खुराड्यापासून लांब न्या, आणि खुराड्यात जायचे बूट वेगळे ठेवा, दाराबाहेर, फक्त त्याच कामाचे. एखादी कोंबडी अचानक मेली, डोकं सुजलं, तुरा निळसर पडला तर हात लावू नका. राज्याच्या पशुआरोग्य मंडळाला, बोर्ड ऑफ ॲनिमल हेल्थला, फोन करायचा.

फलटणला गेल्यावर आजोळी कोंबड्यांमध्ये जाल, जायलाच हवं, मुलाला लांबून का होईना, ती मजा मिळू दे. पण त्या अंगणात वापरलेल्या चपला-बूट तिथेच राहू द्या किंवा घासून, जंतुनाशकाने धुऊनच आणा, आणि परत आल्यावर आंघोळ करून, कपडे बदलून मगच आपल्या खुराड्याकडे वळा.